कवड्याचं दुखणं

“खरं सांग, साधे. वाचंल का ह्यो?”

तानुबाईनं कवड्याचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. साधनानं एक्स-रे उन्हाकडे करून पाहिला. पुढच्या पायाचं हाड वाळवी लागल्यासारखं पोखरलं होतं. छातीच्या फोटोत पांढरे ठिपके होते. साधना केडगावात जनावरांची डॉक्टर होती. असे फोटो तिनं पुष्कळ पाहिले होते. पण हा कुत्रा घरचा होता.

“वाचणार न्हाई, आई. कॅन्सर हाय. छातीत उतरलाय. आता पाय काढूनबी उपयोग न्हाई.”

ओट्यावर बसलेला तिचा बाप तात्याबा, तिचे आप्पा, ताडकन उठला.

“हुईल बरा! तिच्याम्होरं कायबी बोलू नगंस,” तो ओरडला आणि गोठ्याकडे निघून गेला. त्याचा आवाज असा चढलेला भांडगावच्या त्या वस्तीवर कुणी ऐकला नव्हता.

तानुबाई जागची हलली नाही. कवड्या तिचाच होता. मेंढरं होती तेव्हा माळावर तो तिच्या पुढं चालायचा. मेंढरं विकली, तरी रोज सकाळी तिच्याबरोबर बांधापर्यंत जायचा आणि कळप मोजल्यासारखा इकडंतिकडं बघून माघारी यायचा.

“दुखतंय का त्याला?”

“लय. मुकं जनावर हाय, दावत न्हाई.”

“मग तेवढं दुखणं थांबीव. बाकीचं मी बघते.”

आणि तिनं बघितलं. भाकरीच्या घासात दडवून ती त्याला गोळ्या चारू लागली. पाय टेकवेना, तेव्हा तिनं शेणाच्या हातगाड्यात पोतं अंथरलं, त्याला त्यात बसवलं आणि स्वतः ओढत बांधावर नेलं. शेजारची सोजराबाई हसली. “अगं, कुत्र्याचं कुणी एवढं करतं व्हय?”

“मी करते की,” तानुबाई म्हणाली आणि गाडा पुढं ओढला.

तिच्या अंगातही आता पूर्वीची ताकद नव्हती. दिवाळीपासून तिला अन्न जात नव्हतं. पुण्याच्या दवाखान्यातून आल्यावर तिला अल्सर आहे असं सांगितलं होतं, त्याची औषधं चालू होती. अर्ध्या वाटेत ती गाडा टेकवायची, दम खायची, पुन्हा उचलायची. तात्याबा मदतीला धावला, तरी त्याला दांडीला हात लावू द्यायची नाही.

साधना इंजेक्शन द्यायला आली, की तानुबाई विचारत बसायची. आता पुढं काय होईल? धाप लागंल का? खाणं कवा सोडंल? थांबायची वेळ झाली, हे कशावरून ओळखायचं? साधना एकेक सरळ सांगायची. जनावराच्या मालकाला खोटी आशा लावायची नाही, हा तिचा नेमच होता.

“जे त्याला लय आवडतं, तेबी नको झालं, की समज,” तिनं सांगितलं होतं.

एका सकाळी कवड्यानं मटणाच्या रश्श्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. शेपटी मात्र जरा हलवली. तानुबाईनं फोन लावला. “साधे, आज ये. ते औषध घिऊन ये.”

“आजून चार दिस बघू की,” तात्याबा काकुळतीला आला.

“न्हाई. त्यो आपल्यासाठी थांबलाय. आता त्याला आडवायचा न्हाई.”

बांधावर करंजाच्या सावलीत साधनानं आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. कवड्याचे डोळे जड झाले. दुसरं भरून तिनं सुई पुन्हा खाली घेतली. तानुबाईनं तिचं मनगट धरलं, सुई टोचून होईपर्यंत सोडलं नाही. मग ती कुत्र्याच्या कानाशी वाकली. “नीज, बाळा. मी हाय हितं.”

त्याची छाती हळूच थांबली.

तात्याबानं खड्डा घेतला. कवड्याला ठेवून माती लोटताना तो हमसून रडला. मग उकरायला कोल्हे येतील म्हणून, वर रचायला दगड आणतो म्हणाला आणि ओढ्याकडे गेला. मायलेकी दोघीच राहिल्या.

“कवड्याचं तू समदं खरं सांगितलंस,” तानुबाई म्हणाली. “म्हणून त्याचं नीट करता आलं. आता माझं सांग.”

पुण्याच्या दवाखान्यात रिपोर्ट ऐकायला साधना आणि आप्पा दोघंच आत गेले होते. पोटाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. बाहेर आल्यावर आप्पांनी तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून आईला न सांगण्याची शपथ घातली होती. अल्सर हा शब्द त्यांनीच शोधला होता.

“आई, तुला अल्सर...”

आई तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत भीती नव्हती. घाईसुद्धा नव्हती.

मग साधनानं सांगितलं. काही मागं ठेवलं नाही.

तानुबाईनं एकच विचारलं. “दुखंल, तवा थांबवता यील का?”

“यील, आई. तेवढं मी बघते. कुठूनबी बघते.”

“मग झालं.”

ओढ्याकडून तात्याबा येत होता. छातीशी मोठा दगड धरून, मान खाली घालून, हळूहळू. तानुबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग लेकीच्या खांद्यावर हात टेकून उठली.

“तू थांब हितंच. तुझ्या आप्पास्नी मी सांगते,” ती म्हणाली. “कवापासनं एकलेच वझं घिऊन फिरत्यात.”