चिंधीचं टक्कल

"गळ्यात नरसाळं असतानासुद्धा?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"असतानासुद्धा. परवा नाण्याएवढं टक्कल होतं, आज बशीएवढं झालंय," सून म्हणाली.

टेबलावर चिंधी पाय पसरून पडली होती. पांढऱ्या, काळ्या, तांबड्या ठिगळांची, सासूबाईंची लाडकी मांजर. पोट चाटता येऊ नये म्हणून डॉक्टरांनीच तिच्या गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं अडकवलं होतं. त्याआधी बारीक फणीने विंचरून निघालेली काळी कणी त्यांनी ओल्या कागदावर ठेवून पाहिली होती. पिसवांची घाण असती तर लाल डाग उमटला असता. तो उमटला नाही. तरी मानेवर औषधाचे थेंब झाले, खाणं बदलून झालं, अंथरूण उकळून झालं. टक्कल आपलं वाढतंच होतं.

आणि ते भरल्याशिवाय चिंधी घरातून हलणार नव्हती.

सासरे गेल्यावर सासूबाई मुलाकडे राहायला आल्या, त्या चिंधीला काखोटीला मारूनच. मुलाला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, दमा. गेल्या महिन्यात त्याचे ओठ निळे पडले, तसंच उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. मांजर घरात नको, असं छातीच्या डॉक्टरांनी बजावलं. नवरा लगेच म्हणाला, "देऊन टाका. मला काय तिचं लोणचं घालायचंय?" सासूबाई नुसतं "बरं" म्हणाल्या आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई मांजर न्यायला तयार होत्या. आल्या, टक्कल पाहिलं आणि दारातूनच मागे सरल्या. "बरी होऊ द्या, मग नेते. माझ्या घरी दोन आहेत, त्यांना लागण नको." त्या रात्री सासूबाई पोटभर जेवल्या. सुनेच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

"हिला खाजवताना पाहिलंय कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नवऱ्याने. पहाटे नुसती चाटत असते म्हणाला."

डॉक्टरांनी टकलाच्या कडेचे चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची सरकवून म्हणाले, "चाटून गेलेल्या केसांची टोकं तुटकी, फाटकी असतात. हे बघा. तुमचं तर पार्लर आहे, तुम्हाला सांगायला नको."

सुनेने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. टोकं सरळ होती, एका रेषेत छाटलेली. दिवसभर ती दुसरं काय बघते?

"हिला खाज नाहीये," डॉक्टर म्हणाले. "घरात कात्री कोण चालवतं?"

चिंधीला टोपलीत घालून घरी येईपर्यंत सुनेचं डोकं तापलं होतं. घरात कात्री चालवणारं दुसरं होतं कोण? सासूबाईंनी जन्मभर शिवणकाम केलेलं. पोटचा मुलगा श्वासासाठी तडफडतोय आणि या बाईला मांजर सुटत नाही. एवढी माया काय कामाची?

तोंडावर मात्र तिने काही दाखवलं नाही. "आई, तुमच्या कात्र्या द्या. धार लावून आणते."

"अगं, चांगल्या कापतात की."

"हो ना, तेच म्हणते मी."

सासूबाईंनी मोठी कात्री दिली, धागे तोडायची छोटीही दिली. "ने बाई," म्हणाल्या. काय तो साळसूदपणा. सून मनात म्हणाली, आता बघते कशी डाळ शिजते ती.

नवऱ्याला सांगितलं तर तो खोकत उठून बसला. "काहीतरीच काय? आई असं करेल होय?"

"केस उडतात सगळीकडे. टक्कल वाढलं की त्याच दिवशी तुझी छाती भरते, लक्षात आलंय तुझ्या?"

"भरू दे. तू आईला एक शब्द बोलायचा नाहीस," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आईचं नाव काढलं की नेहमीच असा. सुनेला वाईटही वाटलं आणि रागही आला.

पुढे टकलावर बारीक लव आली. सुनेने बाईंना फोन करून रविवारी संध्याकाळी बोलावलं. सासूबाई ताटावरून तशाच उठल्या. आता ही रविवारी हात दाखवणार, हे सुनेने ओळखलं.

रविवारी दुपारी तिने पार्लर मदतनीस मुलीवर सोडलं, स्वतःच्या किल्लीने हळूच दार उघडलं आणि चपला हातात घेऊन आत आली. आज रंगेहाथ पकडायचं आणि नवऱ्यासमोर उभं करायचं.

सासूबाई गॅलरीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीवर काहीतरी होतं. सून पाय न वाजवता जवळ गेली.

मांडीवर चिंधीची टोपली होती. स्वतःच्या शालीचा तुकडा घेऊन सासूबाई टोपलीच्या मापाची गादी शिवत होत्या. कात्री नव्हती म्हणून धागा दातांनी तोडत होत्या. शेजारी चिंधीची फणी, औषध, खाण्याचं भांडं नीट बांधून ठेवलेलं. डोळे पुसायला त्या मध्येच थांबल्या आणि परत सुई ओढू लागल्या.

तेवढ्यात न्हाणीघरातून शिंक ऐकू आली. मग दुसरी, तिसरी. तोंड दाबून दिलेल्या.

सुनेने दार थोडं ढकललं.

नवरा पालथ्या बादलीवर बसला होता. नाकावर ओला रुमाल बांधलेला, डोळे लाल, छाती शिट्टीसारखी वाजत होती. नरसाळं काढलेली चिंधी त्याच्या मांडीवर उताणी पडली होती. हातात मिशांची छोटी कात्री होती, सुनेनेच त्याला पार्लरमधून आणून दिलेली.

"हलू नकोस गं," धाप लागत तो मांजरीला सांगत होता. "एवढं झालं की बाई तुला बघून परत जातील, आणि आई आज जेवेल."