दिवस मावळायच्या आत

सम्मेदनं आईच्या शेवटच्या वर्षावर पुस्तक लिहिलं आणि ते सांगलीत चांगलंच गाजलं. त्यात त्याची बायको पल्लवी पुण्याहून यायची, रात्री आठ वाजता आईला लाडानं आइस्क्रीम भरवायची. मोठी वहिनी गुणमाला मात्र रोज दिवस मावळायच्या आत आईच्या तोंडात बळंच चमचा कोंबायची.

वाचकांच्या मेळाव्यात बायका पल्लवीलाच गराडा घालून फोटो काढत होत्या. "किती गोड हो तुम्ही!" ऐकून कोपऱ्यातल्या गुणमालेचा नुसता जळफळाट होत होता. पक्क्या जैन असलेल्या सासूबाई जन्मात कधी दिवस मावळल्यावर जेवल्या नव्हत्या. त्यांची स्मरणशक्ती गेली, तेव्हा त्यांचा नेम हिनं सांभाळला. आणि कौतुक कशाचं, तर आइस्क्रीमचं!

तेवढ्यात कवठे महांकाळची मावशी, सासूबाईंची धाकटी बहीण, काठी टेकत पुढं आली. तिला आता एकटीनं राहणं जमत नव्हतं.

"मावशी, पुस्तक वाचलंस ना? मग चल आमच्याकडे पुण्याला. पल्लवी जपेल तुला," सम्मेद म्हणाला.

"वाचलं म्हणूनच सांगते, बाळा. माझ्या बी आता काय ध्यानात ऱ्हात न्हाई.


मला त्या चमचा कोंबणारीच्या घरी सोड."