पालखीच्या वाटेचा दवाखाना

बाबाजी पहाटे गेले. दुर्गा रडली नाही. तिने सासऱ्यांचे डोळे मिटवले, गळ्यापर्यंत गोधडी ओढली, आतल्या खोलीचं दार लोटलं आणि बाहेर येऊन उंबऱ्यासमोर रांगोळी काढली. पुढच्या खोलीत तिची तेरा वर्षांची मुलगी कल्पिता तापाने फणफणली होती. आज आळीत फिरत्या दवाखान्याची गाडी यायची होती, आणि सुतकाच्या दारात ती गाडी येत नसे.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. उलट सगळं न्यायानेच झालं होतं. नगरपरिषदेला दवाखान्याची एक गाडी मिळाली, तेव्हा ती आधी कोणत्या प्रभागात जाणार यावरून सभेमागून सभा उधळल्या. शेवटी निवृत्त मुख्याध्यापक आणि नारळी-पोफळीच्या वाडीचे मालक मार्तंडराव उठले. म्हणाले, "गावदेवीची पालखी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या आळ्यांतून फिरते. कधी भांडण झालंय? गाडी त्याच वाटेने, त्याच रिवाजाने फिरवा." देवीला विरोध करायला विरोधी पक्षसुद्धा तयार नव्हता. ठराव एकमताने झाला. 'सर्व आळ्यांना समान न्याय' असं गाडीच्या दारावर रंगवलं गेलं. आणि आता गाडीच आली म्हणून दुर्गाच्या मिठागर आळीच्या तोंडाशी असलेला जुना दवाखाना बंद झाला.

रिवाज मात्र अख्खा आला. पालखी सुतकाच्या दारात टेकत नाही. एकदा पुढे गेली की मागे फिरत नाही. गाडीवर ठेवलेला ड्रायव्हर सदा हाच पालखीचाही भोई. दोन्हींत फरक करावा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात मिठागर आळी सगळी एकाच भावकीची. एका घरात माणूस गेलं की सुतक साऱ्या आळीला. पावसाच्या अखेरीला आळीत ताप शिरला, पहिला माणूस दगावला आणि गाडी बांधावरूनच वळून गेली. पुढच्या फेरीपर्यंत दुसरा गेला होता. ताप वाढत गेला तशी गाडी लांबलांबून जाऊ लागली. नगरपरिषदेच्या अहवालात मिठागर आळीत तापाचा एकही रुग्ण नव्हता. तपासलाच नव्हता, तर असणार कुठून?

दुर्गा मुलीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यातही जाऊन आली होती. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे गाडी येते ना? मग गाडीची चिठ्ठी आणा. असं मधेच घुसलात तर बाकीच्यांवर अन्याय होतो."

नवरा कुशल कंटेनरचा ट्रेलर घेऊन गुजरातकडे गेला होता. त्याला दुर्गाने अजून कळवलं नव्हतं. तो फोनवर रडला असता, आणि मग तिलाही राहवलं नसतं. एकट्या किशोरीला, धाकट्या जावेला, तिने सांगितलं. किशोरीने तोंडात पदर कोंबला आणि अंगण झाडायला घेतलं.

आळीचं मागचं सुतक फिटलं होतं; नऊच्या सुमारास गाडी आली. आळीच्या तोंडाशी थांबून सदाने मान बाहेर काढली. दारोदारी रांगोळ्या होत्या.

"सगलं बरं हाय ना गो?"

"देवीची किरपा," समोरच्या घरातली ठमाबाई म्हणाली. "न्हायतर तू कशाला येतोस?"

"तुझा पोरगा भागोजी कुठं दिसत न्हाय?"

"बंदरावर गेलाय. का, तुला खांदा द्यायचा हाय त्याला?"

बाया हसल्या. सदाही हसला आणि गाडी आत घेतली.

ठमाबाईने दुर्गाकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "आज लई ठसठशीत कुंकू लावलंस गो."

"तुझी रांगोळी पन उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत हाय, काकी."

दोघी मग गाडीकडे वळल्या.

डॉक्टर तरुण होती. तिने कल्पिताचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं, सुई टोचली. "हिला आत्ताच्या आत्ता ॲडमिट करायला हवं. गाडीतूनच नेते. आणखी एक दिवस गेला असता तर मी काही सांगू शकले नसते. घरात अजून कुणाला ताप?"

"सासऱ्यांना व्हता," दुर्गा म्हणाली. "आता न्हाय."

"छान." डॉक्टरने बरे झालेल्यांत एकाची भर घातली. "चला, तुम्ही बसा मुलीसोबत."

"माझी जाऊ येल. घरात म्हातारं मानूस हाय, एकटं सोडता येत न्हाय."

डॉक्टरला ते रास्त वाटलं. किशोरी कल्पिताचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दार लागलं.

गाडी मिठागराच्या बांधावरून गेली. दुर्गा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. आळीतल्या साऱ्या बाया आपापल्या उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. एरवी कामाला निघायची वेळ होती, पण कुणी हललं नाही. गाडी खाडीपुलाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

दुर्गाने पायाने रांगोळी पुसली आणि तोंड उघडलं. तिचा आवाज फुटण्याआधीच समोरून ठमाबाईचा हंबरडा आला; भागोजी काल संध्याकाळीच गेला होता. त्यामागून शेजारच्या घरातून रडणं उठलं, मग टोकाच्या घरातून, आणि दुर्गा आपली पाळी येईपर्यंत उंबऱ्यात थांबून राहिली.