न तपासलेली माती
"काका, चूक माझी होती," हेमांगी म्हणाली, तसे देवापुढे दिवा लावणारे राघू गुरव थांबले.

सात वर्षांपूर्वी रस्त्यासाठी अर्धी देवराई तोडायची होती. पाहणीसाठी आलेल्या वनस्पतीतज्ज्ञ हेमांगीने झाडांचे बुंधे मोजून लिहून दिलं, की नवी रोपं लावली तर तेवढाच कार्बन साठेल. माती तपासायला आणखी आठवडा लागला असता, आणि तिला घरी जायची घाई होती. तिच्या शब्दावर विसंबून देवराईचे पुजारी म्हणून गुरवांनी संमती दिली.

तिने आता तपासायला दिलेल्या मातीचा अहवाल काल आला. जुन्या झाडांच्या मुळांना बिलगलेली बुरशी झाडांकडून साखर घेते आणि त्यातला कार्बन मातीत मुरवते. तोडलेल्या भागात ती बुरशी मेली होती. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला निम्मा कार्बन हवेत निघून गेला होता आणि रोपं गुडघ्याएवढीच राहिली होती.

"बुरशीतलं मला कळत नाही, बाई," गुरव शांतपणे म्हणाले. "पण मी देव विकला म्हणून सात वर्षं गाव मला पालखीला खांदा लावू देत नाही."

हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला मान वर करवेना.

"संध्याकाळी गावाची सभा आहे ना? तिथे मी सांगते."

तिने सगळं सांगितलं. गुरवांनी संमती दिली ती तिच्या शब्दावर, हेही.

शिमग्याला पालखीचा पुढचा दांडा राघू गुरवांच्या खांद्यावर होता. हेमांगी लांब, रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.