फाटलेली पानं

आई गेल्यापासून दर रविवारी दुपारी मी बाबांकडे जाते आणि आम्ही त्यांच्या आवडत्या जाडजूड कादंबरीवरच्या मालिकेचा एक भाग बघतो. पहिल्या चार भागांत ना ड्रॅगन उडाला, ना सैन्य वेशीबाहेर पडलं. मी वैतागले. बाबा म्हणाले, "दम धर जरा. पुस्तकात नुसते घोड्यांना नाल ठोकण्यात साठ पानं जातात. तुझ्या आईनं आणि मी ओळ न् ओळ मोठ्यानं वाचली होती." पुढे मलाच चटक लागली. राणी धुक्याच्या दरीत हरवली, त्या रविवारी तर मी ढसाढसा रडले.

आज शेवटचा भाग. मी चहा घेऊन आले, तर बाबांनी टीव्ही बंद केलेला.

"बाबा, शेवट नाही बघायचा?"

"तो मला ठाऊक आहे."

"कसा काय? आपल्या पुस्तकाची शेवटची पानं तर फाटलेली आहेत."

"हो ना, रद्दीतून आणलेलं ते. शेवट तुझ्या आईनं स्वतःच्या मनानं रचून सांगितला होता."

मी रिमोटकडे हात नेला. बाबांनी तो हळूच उशीखाली सरकवला.

"राहू दे गं. तिच्या शेवटात राणी परत येते."