हळद आणि साबण

"कुणी उत्तर देतंय का?" रसायनशास्त्राच्या निमकर मॅडमनी विचारलं. लॅपटॉपवर नुसते काळे चौकोन आणि त्यांत नावं. त्यांतलं एक विभागप्रमुख राजहंस सरांचं होतं. मुलं आजही गप्प राहिली, तर सोमवारपासून मॅडमच्या तासाऐवजी तयार व्हिडिओ लावायचं सरांनी ठरवलं होतं.

मॅडमनी स्लाइड बंद केली. "स्वयंपाकघरात जा. चिमूटभर हळद पाण्यात कालवा, साबणाचा फेस घाला आणि काय होतं ते सांगा." मग त्या नुसत्या थांबल्या. बराच वेळ कुणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

"मॅडम, लाल झाली!" तन्वीर ओरडला.

"माझी पिवळीच आहे," हर्षाली म्हणाली.

"भेसळीची असेल."

"घरी दळलेली आहे! भेसळ तुझ्या डोक्यात."

"बरं, साबण कुठला घेतलास?" तन्वीरनं विचारलं.

"शिकेकाई घातली. फेस येतोय की."

"अगं बाई, शिकेकाई आंबट! लाल व्हायला अल्कली लागतो."

थोड्या वेळानं हर्षालीनं साबण घालून पाहिला आणि कॅमेरा सुरू करून लाल वाटी दाखवली. पाठोपाठ इतरांच्याही वाट्या दिसू लागल्या.

तास संपता संपता सरांचा चौकोन उजळला. मॅडम सावरून बसल्या. सरांच्या पांढऱ्या बाहीवर लालभडक डाग होता.

"आता लिंबू पिळून बघा रे," ते म्हणाले, "परत पिवळी होते. आणि मॅडम, सोमवारी काय काय आणून ठेवायचं?"