खडूची दुसरी खूण

उंच साहेब गाडीतून उतरले ते बोलतच. "ही तिसरी खेप माझी. काल दुपारी पुन्हा चार वाजता वाजला तुमचा अलार्म. गाडी घरी असते आणि सगळी बिल्डिंग मला ऑफिसात फोन करते. मी काय रोज कामं टाकून गाडी गप्प करायला धावू?"

फिटरने हातातला पाना खाली ठेवला. अठरा वर्षं तो गाड्यांना अलार्म बसवत होता आणि आपला अलार्म उगाच ओरडत नाही, एवढा एकच माज त्याने आयुष्यात केला होता. या माणसाने दोन आठवड्यांत त्याचं पार मातेरं केलं होतं.

निवडताना याच साहेबांनी पाच अलार्म आलटून पालटून वाजवायला लावले होते. दुकानात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. शेवटी त्यांनी सगळ्यात तिखट कानाचा उचलला.

"माशी बसली तरी वाजला पाहिजे, असं तुम्हीच म्हणाला होतात," फिटर म्हणाला.

"माशी बसली तर. कोणीच नसताना नव्हे. मी हिला लगेच खाली पाठवतो. ही सांगते, गाडीजवळ चिटपाखरू नव्हतं." साहेबांनी मागे उभ्या असलेल्या बायकोकडे मान वळवली. "काय गं?"

"नव्हतं," बायको म्हणाली. ती साहेबांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"आणि दुसरं. तुमच्याकडून गाडी नेल्यापासून सीट सारखी पुढे येते. बसलो की गुडघे स्टिअरिंगवर. आजसुद्धा घरून निघताना मागे ओढावी लागली. काम करताना सीट हलवता, ती जागेवर ठेवायची पद्धत नाही तुमच्यात?"

आता मात्र फिटरचं डोकं फिरलं. कामाला हात लावण्याआधी तो सीटच्या पट्टीवर खडूने खूण करायचा आणि काम संपलं की सीट बरोब्बर त्या खुणेवर आणून सोडायचा. अठरा वर्षांत ही पद्धत चुकली नव्हती. तो रागारागातच गाडीत शिरला आणि खाली वाकून पाहू लागला. त्याची खूण होती तिथेच होती. पण पट्टीवरच्या धुळीत सीट पुढेमागे सरकल्याचे ताजे ओरखडे होते, चांगल्या चार खाचा पुढपर्यंत. सीटखाली एक पातळ पुस्तकही होतं. रहदारीच्या चिन्हांचं.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. बिल्डिंगचे सेक्रेटरी. "हो हो, त्याच्यासमोरच उभा आहे. अजिबात सोडत नाही त्याला," असं म्हणत साहेब रस्त्यावर गेले.

फिटरने पुस्तक बाहेर काढून बायकोपुढे धरलं. तिने ते झटकन पर्समध्ये टाकलं.

"दार कशाने उघडता, ताई?"

"जुनी चावी आहे एक. रिमोट दोन्ही यांच्याकडेच असतात. एक खिशात, एक ऑफिसच्या कपाटात."

फिटरने कपाळावर हात मारला. जुन्या चावीने दार उघडलं, तर अलार्म गप्प राहायचा. पण आत बसून कोणी क्लच दाबला, गिअर हलवला आणि गाडीला जरासा हिसका बसला की बोंब ठोकायचा.

"मग एकदा वाजल्यावर पुन्हा पुन्हा का बसलात आत?"

साहेब लांब आहेत ना, ते तिने पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, गिअर चुकला की ती ओरडते. म्हणून रोज जास्त सावकाश टाकून पाहत होते."

फिटरचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. त्याला फार वाईट वाटलं.

"गाडी कोणी चुकलं म्हणून ओरडत नाही, ताई," तो म्हणाला. "टेस्ट कधी आहे?"

"गुरुवारी. क्लास लावलाय, पण हात बसत नाही. घरी एवढाच वेळ मिळतो." तिने पर्सची चेन ओढून घेतली. "यांना लायसन्स मिळाल्यावरच सांगणार आहे. आधी कळलं, तर हेच शिकवायला बसतील."

साहेब परत येत होते. फिटर पुन्हा गाडीत वाकला. त्याने सेन्सरचा कान थोडा कमी केला, सीट चार खाचा पुढे घेतली आणि तिथे खडूने दुसरी खूण केली.

"सापडलं का काही?" साहेबांनी विचारलं.

उत्तर द्यायला फिटरला जड गेलं. "माझीच चूक होती," तो म्हणाला. "सेन्सरचा स्क्रू सैल राहिला होता."

"बघ, मी म्हणत नव्हतो?" साहेब बायकोला म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "तिसऱ्या खेपेला का होईना, कबूल केलं."

ड्रॉवरमधून नवा रिमोट काढून फिटरने तो गाडीला जोडला. "तुम्हाला त्रास झाला म्हणून हा एक माझ्याकडून. ताईंकडे राहू द्या. वाजलाच कधी, तर त्या बंद करतील."

"हां, तेवढं जमेल तिला," साहेब म्हणाले.

रिमोट घ्यायला त्यांनी सवयीने हात पुढे केला होता. फिटरने तो बायकोच्या हातात ठेवला. "गाडीत बसायच्या आधी हे बटण दाबायचं. मग आत काहीही करा, हूं की चूं करणार नाही."

तिने रिमोट घट्ट धरला.

साहेब गाडीत बसायला गेले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. "अहो, आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत," ते ओरडले, "पुन्हा पुढे आलीय ही सीट."

फिटर खडूचे हात पुसत होता.

"येणारच, साहेब," तो म्हणाला. "आता सवय करून घ्या."